सरव्याचा धनी

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार. सकाळी नऊ वाजता आमच्या शेतात माझ्या मुलाने एका बाईला चोर ठरवले.

शेत किन्हीराजाच्या रस्त्याला लागून आहे. सोयाबीन आदल्या आठवड्यात निघाले होते. पीक घरी गेले की पिकाच्या ओळींत गळून राहिलेल्या शेंगा वेचायला वस्तीवरच्या बाया येतात. त्याला सरवा म्हणतात. सरव्यासाठी कोणी परवानगी मागत नाही आणि कोणी देत नाही. ही बाई दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते; तोवर तिचे घर अशाच वेचणीवर चालते. मुलाने तिचे गाठोडे हिसकावून आणले आणि ओसरीवर टाकले.

जाब विचारला, तर म्हणाला, "सातबारा माह्या नावानं हाय, बाबा. न इचारता उचललं तं चोरीच झाली."

"तू तं दुपारी तिथं रोटाव्हेटर घालणार होता."

"घालीन, नाई तं जाळीन. माह्यं हाय."

मालकीचा हा अर्थ त्याला मी शिकवला नव्हता. दाणा मातीत गाडण्याचा हक्क सातबारा देत असेल. वेचणाऱ्याला चोर म्हणण्याचा देत नाही. कायदा त्याच्या बाजूने असेलही. मग इतकेच सिद्ध होते, की कायद्यात राहूनही माणूस नीच वागू शकतो.

गाठोडे घेऊन मी वस्तीवर गेलो. तिने हात पुढे केला नाही.

"शेंगाईचं काय करू, आबाजी? साऱ्या बायाईसमोर चोट्टी म्हणलं मले. उद्या कोन कामाले सांगन?"

शेजारची म्हातारी कुडाआडून बोलली, "रानडुकरं रातभर खाते. त्याहिले चोट्टे म्हन, म्हना पोराले एकडाव."

माझ्या परवानगीने वेचल्या, असे म्हटले असते तर बाई तिथेच सुटली असती. पण ते खोटे होते. शिवाय परवानगी लागते, हेही मान्य झाले असते. सकाळी शेतात होत्या त्या सगळ्या बायांना मी पारावर बोलावले.

"इनं चोरी नाई केली. माह्या पोरानं केली. इच्या हातातलं हिसकलं."

तिने गाठोडे घेतले. आभार मानले नाहीत; मानण्याचे कारणही नव्हते.

माझ्याआधी बातमी घरी पोचली होती. गावात माझी इज्जत घालवली, असे मुलगा म्हणाला. तिलाही इज्जत होती, एवढेच मी बोललो. तो जेवला नाही. मी जेवलो, गाईला पाणी दाखवले आणि गोठ्याचे फाटक लावले.