दादाच्या जिभेवरची पत्ती
अंगणात संत्र्याच्या टोपल्यांसाठी भिजवलेल्या बांबूच्या कामट्यांचा वास आला, की मला माझा दादा आठवतो. तो बँडचा मास्तर होता. क्लॅरोनेटच्या तोंडाशी बसवायची बोरूची पत्ती तो वाजवण्याआधी जिभेवर भिजत ठेवायचा, तिलाही असाच वास यायचा. राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूर मुंबई राज्याकडे गेलं अन् आपण भोपाळकडे राहिलो, त्या वर्षी तो मुंबईच्या मोठ्या बँडात निघाला. तिगावच्या फलाटावर साथीदार म्हणाले, एकदा वाजवून जा. दादानं पत्ती तोंडात घेतली. मी कधी नव्हे ते चारचौघांत विचारलं, "दादा, माह्या लग्नात वाजवाले येशीन ना?" ढोलवाला हसला, "बाई, मास्तरच्या तोंडात पत्ती हाय, आता देवालेही जवाब भेटत नाही!" दादानं माझ्याकडे पाहतच क्लॅरोनेट ओठांना लावलं. मग त्यानं आईची जात्यावरची ओवी वाजवली, मधेच तिला इंग्रजी चालीवर नाचवलं, आई पदराआड रडता रडता हसली. तेवढ्यात गाडी आली अन् दादा पत्ती तोंडात तशीच ठेवून चढला. माझ्या लग्नात दादा आला नाही, सौंसरचा दुसराच बँड वाजला. काल नातीच्या लग्नाचा बँड ठरवायला माणूस आला, तेव्हा मी दाराआडून विचारलं, "क्लॅरोनेट कोण वाजवते?" त्यानं कोणाचं तरी नाव सांगितलं. मी बरं म्हणून आत गेले.