नारळ फोडला, तक्रार राहिली

माझ्या डाव्या बाजूच्या दाढा नाहीत. भाकरी मी उजवीकडे चावतो, आणि चावताना एका माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत आलोय. तो आमच्याच वाडीतला. कुवेतला आम्ही एकाच कंपनीत, अम्गरा नावाच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचो आणि अर्दियाच्या गोदामांकडे एकाच खोलीत राहायचो.

मारामारी झाली कुकरवरून. शुक्रवारची दुपार, खोलीत एकच शेगडी आणि रांधायची पाळी माझी. मी भात लावून आंघोळीला गेलो. परत येतो तर कुकर जमिनीवर आणि गॅसवर याचे बांगडे. हा आपला खाली बसून खोबरं खवतोय.

“माजो कुकर कोणी उतरल्यान?”

“मियां. माका ओव्हरटायमाक जावचा आसा.”

मी त्याच्या बापाचा उद्धार केला. मग आईचा. माझं तोंड पहिल्यापासूनच वाईट. त्याने उलट शिवी दिली नाही. तो ज्यावर बसला होता तो आडाळा, म्हणजे आमच्याकडची खोबरं खवायची विळी, जड फळीला लोखंडी पातं बसवलेली, त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या तोंडावर घातला. फळीच्या बाजूने लागला म्हणून आज मी आहे. जबडा मोडल्याचा आवाज मला कानाच्या आतून ऐकू आला. मी खाली बसलो, डोकं दोन्ही हातांत धरलं, तर तो हातांवर मारायला लागला. बाकीच्यांनी त्याला ओढला तरी त्याच्या लाथा चालूच होत्या. मी दाढा तळहातावर थुंकलो. रक्त माझ्याच भाताच्या कुकरवर उडालं होतं. बांगडे करपून गेले.

इस्पितळात नर्स निघाली सांगलीकडची. ती वाकून म्हणाली, “भाऊ, नीट विचार करून सांगा. पडलात, की कोणी मारलं? मारलं म्हणालात तर पोलिसांना कळवावंच लागतं.” मला बोलता येत नव्हतं. मी मूठ वळून दाखवली, आणि सोबत आलेल्या खोलीतल्या एकाला खुणेने मारणाऱ्याचं नाव सांगायला लावलं.

त्याला खोलीतून बेड्या घालून नेला. कोठडीत झोपायच्या जागेवरून दुसऱ्या कैद्यांनी त्याला चांगला धुतला, असं नंतर कळलं. मला फार बरं वाटलं.

कंपनीने हमी दिली आणि तो सुटून आला. एकाच खोलीत आम्ही दोघं. बाकीचे जीव मुठीत धरून झोपत. शेवटी खोलीतल्या वडीलधाऱ्या काकांनी गावच्या देवाच्या फोटोपुढे नारळ ठेवला आणि आमच्याकडे घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, तुझी ही दोन लेकरां तुझ्यासमोर उबी आसत. हेंच्या मनातलो राग भायर काढ, आणि झाला गेला हय सपय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले. मीही बांधलेल्या जबड्याने हुंकार भरला. नारळ फुटला. त्याचं खोबरं त्याच आडाळ्यावर खवून, गूळ घालून वाटलं. मला ते चावता आलं नाही.

देवापुढे मिटलं म्हणजे मिटलं, असंच आम्ही धरून चाललो. पोलिसांत जाऊन तक्रार मागे घ्यावी, हे एवढ्या शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

काही वर्षांनी ती कंपनी बंद पडली. मला लगेच काम मिळालं. त्यालाही मिळत होतं, पण नव्या कंपनीच्या मंदूबाने, म्हणजे सरकारी कामं करणाऱ्या माणसाने, कागदपत्रं भरायला घेतली तर पोलिसांच्या कम्प्युटरवर त्या अटकेची नोंद दिसली. मी जाऊन तक्रार सोडल्याचं लिहून दिलं तर ती निघणार. नाहीतर त्याने कायमचं घरी जायचं. तो माझ्या नव्या खोलीच्या दारात आला.

“दादा, तुमी येवन एक सय केलास तर माजी नोकरी ऱ्हवता. माका वाटला, नारळ फोडलो म्हणजे सगळा सपला.”

मी दार लावून घेतलं. तो पुन्हा आला, मी पुन्हा लावलं. त्याला असा उभा ठेवण्यात मजा येत होती, खोटं कशाला बोलू? हे मी फोनवर बायकोला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, “नारळ फोडलास मा? मग आता देवाक काय सांगशात?” आणि तिने फोन ठेवून दिला.

गेलो. ठाण्यात त्याच्यासमोर सही केली. पोलिसाने काहीतरी टाइप केलं, मान हलवली. माझ्या मोडलेल्या जबड्याचं प्रकरण एवढ्यातच निकालात निघालं. बाहेर उन्हात, ठाण्याच्या पायऱ्यांवर, मी त्याला विचारलं, “माका मारलंस कित्याक? कुकरासाठी?”

त्याने खरंच विचार केला. “खरा सांगू, दादा? माका आता आठवना नाय.”

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं, मी धरलं होतं तसंच, आणि मी त्याच्या हातांवर मारत सुटलो. तो पायऱ्यांवरून घसरत खाली गेला. ओठ फाटून शर्टावर रक्त आलं. दारातून पोलीस धावत आला, मोडक्या हिंदीत ओरडला.

“किसने मारा?”

त्याने खालूनच माझ्याकडे पाहिलं. आता हा मूठ दाखवणार, असं मला वाटलं. माझी नोकरी, माझा व्हिसा, सगळं त्याच्या त्या हातात होतं.

“किसी ने नहीं,” तो म्हणाला. “गिर गया.”

पोलीस माझ्या सोललेल्या बोटांकडे बघत राहिला. मग आत गेला.

त्याचं नाव मी साफ केलं ते बायकोने लाज काढली म्हणून. माझं त्याने साफ ठेवलं ते कोणी न सांगता. गाडीत बसल्यावर तो रुमालात रक्त थुंकत होता आणि मी रागाने सोललेली बोटं शर्टाला पुसत होतो. तो राग अजून गेलेला नाही, पण आता भाकरी चावताना शिव्या कोणाला घालायच्या ते मला कळत नाही.