खरात सरांचा अर्थबोध कक्ष

प्रत्येक महाविद्यालयात ‘जीवन अर्थबोध कक्ष’ उघडावा, असं परिपत्रक विद्यापीठाकडून आलं. अमडापूरच्या आमच्या कॉलेजचे प्राचार्य कामात होते. त्यांनी त्यातला ‘अर्थ’ तेवढा वाचला आणि कक्ष अर्थशास्त्राच्या वामनराव खरात सरांकडे दिला. शब्द तोच आहे पण अर्थ वेगळा आहे, असं सर सांगायला गेले. प्राचार्य म्हणाले, विषय तुमचाच आहे, सांभाळून घ्या.

खरात सर देऊळघाटचे. आयुष्यभर मागणी-पुरवठा शिकवलेला सरळ माणूस. दिलेलं काम मनापासून करायची त्यांना सवय होती. क्रीडा विभागाची अडगळीची खोली झाडून त्यांनी दारावर पाटी लावली आणि पहिलं व्याख्यान स्वतःच दिलं. माणसाच्या गरजा अमर्याद, साधनं मर्यादित, हे फळ्यावर आकृती काढून समजावलं. मुलांनी आकृती उतरवून घेतली आणि परीक्षेला येणार का, असं विचारलं.

मग बुलढाण्याहून एक प्रेरणादायी वक्ते बोलावले. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून आपलं ध्येय बघायला सांगितलं. सभागृहात पंखे नव्याने बसवले होते. बरीच मुलं शांत झोपली. वक्त्यांना ती एकाग्रता वाटली आणि ते भारावून अजून तासभर बोलले.

यानंतर कक्षात कोणी फिरकेना. सर रोज कुलूप उघडून बसत, तास संपला की लावून घरी जात. एक दिवस बी.ए. दुसऱ्या वर्षाची पूनम आली. बराच वेळ पाटीकडे बघून ती म्हणाली, “सर, मी पेपर देऊन राह्यली, पण काऊन देऊन राह्यली थेच समजत नाही मले.”

सरांनी आठवून पाहिलं. आकृती आठवली, वक्ते आठवले. दोन्ही उपयोगाचे नव्हते.

“मले बी नाही समजलं कधी,” ते म्हणाले.

पूनमने खुर्ची ओढली. मग सर अर्थशास्त्राकडे कसे वळले, हे तिने विचारून घेतलं. सरांना तबला शिकायचा होता. पण प्रवेशाच्या दिवशी वडिलांनी, पुंजाजींनी, सगळ्यात लहान रांग बघून त्यांना तिच्यात उभं केलं, ती अर्थशास्त्राची निघाली. पूनम खूप हसली. सरही हसले, आणि आपण हे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन आली. कक्षात एक सर बसतात, त्यांनाही काही माहीत नाही, ही बातमी कॉलेजभर झाली आणि खोली भरू लागली. पोलीस भरतीची तयारी करणारा गोविंदा आला. बोलता बोलता त्याने कबूल केलं, की त्याला धावायला आवडतं, पोलीस व्हायला नाही. सरांनी उपाय सांगितला नाही. उद्या पहाटे मीही येतो म्हणाले, आणि खरंच गेले. अर्ध्या वाटेत धाप लागून ते रस्त्याकडेच्या शेताच्या धुऱ्यावर बसले, तर गोविंदाही धावणं सोडून शेजारी बसला.

पुढे विद्यापीठाची समिती पाहणीला आली. किती विद्यार्थ्यांना जीवनाचा अर्थ सापडला, असं त्यांनी विचारलं. एकालाही नाही, सर म्हणाले, मलाही नाही. पण रोज येतात. समितीने भरलेली खोली पाहिली, नाश्ता केला आणि कक्षाला ‘उत्कृष्ट’ शेरा दिला.

प्राचार्यांना आनंद झाला. त्यांनी अर्थबोध वेळापत्रकात घातला, हजेरी सक्तीची केली आणि त्याला दहा गुण ठेवले.

पहिल्या सक्तीच्या तासाला खोलीत उभं राहायला जागा नव्हती. मुलं वह्या उघडून बसली. सरांनी काय चाललंय म्हणून विचारलं, तर मुलांनी तेही वहीत उतरवून घेतलं. शेवटी मागून एकाने, याची व्याख्या लिहून द्या, अशी विनंती केली. सरांनी पूनमकडे पाहिलं. तिनेही लिहायला पेन काढला होता.

“सर, इथं नाही जमत आता,” ती हळूच म्हणाली. “बाहेर बसू ना.”

सरांनी सगळ्यांची हजेरी लावली आणि वर्ग सोडला. बहुतेक मुलं गुण मिळाल्याच्या समाधानात घरी गेली. पाच-सहा जणं उरली. त्यांच्यासोबत सर सायकल स्टँडमागच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले. तिथे कसलीच पाटी नव्हती. पूनमकडून सरांच्या तबल्याचं कळलेल्या गोविंदाने त्यांना विचारलं, तबल्याचा क्लास चिखलीत कुठं असतो, माहीत आहे का?

त्या गुरुवारी सर स्वतःसाठी चिखलीला चौकशीला गेले.