कोठीतला उंदीर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला साधी विडीसुद्धा कधी लपवता आली नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखणाऱ्याला सांगायची छाती नाही, हेच खरं.

धुळ्यात आमची मास्तर तयार करणारी शाळा होती. शिकणारी चाळीसेक मोठी माणसं, तिथंच राहायची. मुख्य मास्तर दुखण्यानं रजेवर गेले आणि कारभार माझ्याकडे आला. तात्पुरता. गुरुवारी तपासणीला साहेब यायचे होते. त्यांनी चांगला शेरा दिला की मी कायम होणार. आणि नेमकी त्याच आठवड्यात बाजारात प्लेगची कुजबुज सुरू झाली.

घरात उंदीर मरून पडला की घर सोडायचं, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कचेरीत कळवायचं, कुलूप ठोकायचं, रानात झोपड्या घालून राहायचं. मीच तर हे फळ्यावर लिहून दिलं होतं. मोठ्या अक्षरात!

सोमवारी सकाळी धान्याच्या कोठीत गेलो, तर ज्वारीच्या पोत्यापाशी उंदीर. जिवंत होता — तेच तर भयंकर. झिंगल्यासारखा गोल गोल फिरला आणि माझ्या पायाशी आडवा झाला. आता शाळेला कुलूप, साहेब आल्या पावली परत, आणि मी होतो तिथंच... चिमट्यानं उचलला, न्हाणीतल्या बंबात घातला, वर गोवऱ्या टाकल्या.

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही.

भागाबाई आमची स्वयंपाकीण. विधवा, जवळच्याच खेड्यातली. अंथरूण कोठीतच टाकायची. दुपारी म्हणाली, "मास्तर, कोठीमा वास ई ऱ्हायना."

मी म्हटलं, मांजरानं मारलं असेल काहीतरी, झाडून घ्या.

"मंग बठ्ठं चांगलं शे ना?"

सगळं चांगलं आहे, अशी मी मान डोलावली. तिनं पोती सरकवली, कोपरे हातानं साफ केले. मी उंबऱ्याबाहेर उभा. आत पाऊल टाकलं नाही.

मला काय माहीत होतं, असं म्हणू? नाही हो! मंगळवारी सकाळी मी बायकोपोरांना जळगावला तिच्या माहेरी धाडलं. ती बिचारी हरखली. एवढी दया कशी आली, म्हणून माझी चेष्टाही केली.

गुरुवारी साहेब आले, खूश होऊन गेले. शुक्रवारी भागाबाईला ताप भरला, काखेत गाठ आली. मग काय विचारता माझा कारभार! दुपारपर्यंत शाळा रिकामी. पांझरा नदीपलीकडे झोपड्या, पाणी उकळून, कपडे उन्हात, रोज सकाळी ओळीनं सगळ्यांच्या काखा तपासायच्या. आधी माझी. त्या चाळिसांतला एकही दगावला नाही. मास्तरांनी शाळा वाचवली, असं लोक अजून म्हणतात. हार घातला मला. मी तो घालून घेतला.

भागाबाई रविवारी गेली.

रोग आला कुठून, ते कचेरीला लिहून द्यायचं होतं. आता इथं — इथं माझा हात थांबायला हवा होता, नाही का? मी लिहिलं, स्वयंपाकीण मनाई मोडून बाजारात एका आजाऱ्याच्या घरी जाऊन आली, तिनं आणला. ती कुठंही गेली नव्हती. चुलीपासून कोठीपर्यंत, तेवढीच तिची चाल.

असल्या गोष्टी कागदावर थोड्याच राहतात? हीही तिच्या गावापर्यंत पोचली. गावानं तिच्या लेकीला विहिरीवर येऊ देणं बंद केलं.

साथ ओसरल्यावर ती लेक आली. चालत आली होती, पाय धुळीनं भरलेले. ओसरीवर चढली नाही. खालच्या पायरीवर डोकं टेकवून म्हणाली, "मास्तर, मन्ही मायनी रोग आना. आम्हले माफ करा."

ओसरीवर चार माणसं बसली होती. सगळी माझ्याकडे बघत होती. एक शब्द खरा बोललो असतो, तर तिला पाणी मिळालं असतं.

मी म्हटलं, "जा बाई. माफ केलं."