क्रेनवाली गुल्लेवी आणि आमचा जड ठोका

गुल्लेवी स्ट्रोलेबद्दल सांगायचं तर आधी माझ्या रागाबद्दल सांगावं लागेल, कारण आमची ओळखच भांडणातून झाली. मी ओसा. वय एक्केचाळीस. हिवाळ्यात स्वीडनमधल्या आमच्या स्मेडफोर्स गावातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवते, उन्हाळ्यात त्याच ट्रकला ब्रश लावून रस्ते झाडते आणि दर मंगळवारी संध्याकाळी ड्रम वाजवते. राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे.

गुल्लेवी आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. वय एकाहत्तर. अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत, कारण कानाने कमी ऐकू येतं. तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत माझी पाळी संपून बारा मिनिटं झाली तरी माझ्या पँटी मशीनमध्येच होत्या, म्हणून तिने दारावर चिठ्ठी लावली. मी खाली उत्तर लिहिलं. तिने त्याखाली आणखी लिहिलं. असं आमचं तीन वर्षं चाललं होतं. समोरासमोर भेटलो की दोघीही हवामानाबद्दल बोलायचो.

आता बँडचं सांगते. नाव युर्दतुंग, म्हणजे मातीसारखा जड. आम्ही सत्तरच्या दशकातला जड रॉक वाजवतो. गिटार आणि गाणं यालमारकडे. तो शाळेत सुतारकाम शिकवतो, जन्म शहाऐंशीचा, पण बोलायला लागला की वाटावं बहात्तर साली हा मिशी पिळत स्टुडिओत बसला होता. खाली रुंद होत जाणाऱ्या कॉर्डरॉयच्या पँटी, व्हॉल्व्हचे अँप्लिफायर जे तापायलाच पाव तास घेतात, आणि रेकॉर्डिंग फक्त रिळाच्या टेपवर. कॉम्प्युटरचं नाव काढलं की तो असा चेहरा करतो जसं काही मी त्याच्या कॉफीत मीठ घातलंय. अकरा वर्षं आम्ही हे करतोय. लग्न, मुलं, घर, यातलं माझ्याकडे काही नाही. युर्दतुंग आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये आमचा बासवाला विग्गो प्रेमात पडला आणि गोथेनबर्गला निघून गेला. यालमारने गिटारचीच एक वायर बासच्या अँप्लिफायरला जोडून वेळ मारून नेली. घोडं अडलं ते दुसरीकडे. लोकभवनाच्या, म्हणजे गावच्या सभागृहाच्या तळघरातली आमची खोली अभ्यासमंडळाकडून फुकट मिळते ती अभ्यासगट म्हणून. गावातला प्रत्येक बँड कागदोपत्री अभ्यासगटच असतो. विषय लिहायचा, हजेरीची यादी भरायची, आणि दर बैठकीला किमान तीन डोकी हवीत. आम्ही उरलो दोघं. आणि खोलीसाठी वंशावळ शोधणाऱ्या म्हाताऱ्यांचा गट टपून बसलेला. एकदा तर ते कपाटं कुठे बसतील हे मोजायला टेप घेऊन आले, मी ड्रम वाजवत असताना. खोली गेली की युर्दतुंग संपला, एवढं साधं होतं. दहा मैलांत तेवढा आवाज करू देणारी दुसरी जागा नाही.

तिसरं नाव हवं होतं. मी इमारतीतली दारं वाजवत सुटले. त्या दिवशी घरी सापडली ती एकटी गुल्लेवी. मी गोड बोलून विचारलं, नुसती सही हवी आहे, यायची गरज नाही. तिने यादी हातात घेतली, चष्मा लावला, उलटसुलट वाचली आणि म्हणाली की जिथे मी बसले नाही तिथे माझी सही असणार नाही. सही हवी असेल तर मी येईन. मी कपाळावर हात मारून घेतला. पण दुसरं कोण होतं?

ती आली. दाराशी बूट काढले, लोकरीचे पायमोजे नीट वर ओढले, कॉफीचा थर्मास आणि दालचिनीचे पाव मांडले, विणकाम काढलं आणि विचारलं की गटाचा प्रमुख कोण. प्रमुखाने प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं, आणि आमच्यातलं प्रशिक्षण विग्गोबरोबर गोथेनबर्गला गेलं होतं. गुल्लेवीने एकोणऐंशी साली कामगार संघटनेच्या अभ्यासगटासाठी ते घेतलं होतं. प्रमाणपत्रही घरी होतं. झालं, आमच्या बँडची प्रमुख एकाहत्तर वर्षांची बाई.

पहिल्या दिवसापासून ती प्रत्येक बैठकीच्या शेवटी विचारायची, आज आपण काय शिकलो. यालमार बिचारा इमानदारीत उत्तर द्यायचा. त्याच्या पँटीकडे बघून ती पोट धरून हसली होती. म्हणाली, असल्या पँटींचे पाय आम्ही कापून फरशी पुसायला घेतले. यालमार ज्या काळासाठी जीव टाकतो, तो काळ तिने जवळून पाहिला असेल, म्हणून त्याने मोठ्या आशेने विचारलं की तेव्हा कुठले बँड ऐकलेस. तिने सांगितलं की एकही नाही. शनिवारी तिची संध्याकाळची पाळी असायची.

कारण ती पोलादाच्या कारखान्यात होती. एकोणिसाव्या वर्षी, केस कापायचं दुकान काढायला पैसे हवेत म्हणून फक्त एका उन्हाळ्यापुरती गेली, आणि छत्तीस वर्षं राहिली. छताखालची मोठी क्रेन चालवायची. आमच्याकडे त्या क्रेनवर बायकाच जास्त असायच्या. पुरुषांचा हात जड पडतो, असं त्याच सांगायच्या. नवरा एव्हर्ट नाचाच्या बँडमध्ये अकॉर्डियन वाजवायचा. एकदा बँडबरोबर दौऱ्यावर जातो म्हणून गेला तो परत आलाच नाही. अकॉर्डियन मात्र घरी विसरला होता, तेव्हा गुल्लेवीने ते पोस्टाने पाठवून दिलं, वर तिकिटंही स्वतःच लावली. हे सांगताना ती एवढी हसली की विणकामाचे दोन टाके निसटले. वितळभट्टी बंद झाली तशी ती घरी बसली, आणि गेली सोळा वर्षं घरीच होती.

चौथ्या मंगळवारी तिने मला डिवचलं. एक गाणं संपलं, यालमार खूश, मी घामाघूम. आणि बाई विणता विणता म्हणाल्या की हे जड नाही, नुसतं मोठं आहे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अकरा वर्षं मी ड्रम बडवतेय, आणि जिला नीट ऐकूसुद्धा येत नाही ती मला जड काय ते शिकवणार? मी तेच बोलून दाखवलं, आणि जरा जास्तच बोलले. तिने विणकाम खाली ठेवलं.

"कानाने कशाला ऐकू? पाय आहेत ना," ती म्हणाली. "चाळीस टन वितळलेलं पोलाद बादलीत, हुकाला लटकलेलं असतं, ओसा. बादली हलते. ती हलत असताना खाली सोडलीस तर खालची माणसं मेली. थांबायचं. बादली बरोबर तुझ्या खाली येऊन उभी राहते, एक क्षणभरच. तेव्हा सोडायची. तू ठोका हलत असतानाच सोडतेस."

मी ट्रकमध्ये बसून आठवडाभर तिला शिव्या घातल्या. पण पुढच्या मंगळवारी, तिचं तोंड बंद करावं म्हणून, मी प्रत्येक ठोक्याआधी थांबून पाहिलं. अगदी थोडं. आधी सगळं विसकटलं. मग एका ओळीला ते जमलं, आणि यालमार गायचाच थांबला. फरशी खालून उचलल्यासारखी झाली. ज्या आवाजासाठी आम्ही जुने अँप्लिफायर, जुन्या टेपा, जुन्या पँटी गोळा केल्या, तो कशातच नव्हता, तो त्या थांबण्यात होता. यालमारच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते मिशीला पुसलं. गुल्लेवी म्हणाली, हां, आता बसलं.

त्यानंतर मी दर गाण्याला तिच्याकडे बघायला लागले. ती पायमोज्यातले पाय फरशीवर सपाट ठेवून बसायची आणि मान हलवायची, होय किंवा नाही. माझा अहंकार दुखायचा, पण ऐकायचे मी तिचंच.

आणि मग नोव्हेंबरमध्ये यालमारला ताप आला. आम्ही दोघीच बसलो, मी एकटी वाजवत होते. निघताना मी यादीत यालमारच्या नावापुढे हजर म्हणून खूण केली. कोण बघतंय? सगळे करतात. गुल्लेवीने माझ्या हातातून पेन घेतलं, खूण खोडली, आणि शेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं: गैरहजर, आजारी. मी तिला समजावलं की दोनच डोकी दिसली तर बैठक धरत नाहीत, बैठक धरली नाही तर खोली जाते. ती म्हणाली की तिला ते माहीत आहे, प्रमुख म्हणून तिची सही खाली आहे. मी आरडाओरडा केला. तूच आमची खोली घालवलीस, असं म्हणाले. ती शांतपणे थर्मासचं झाकण लावून गेली.

दोन आठवडे आम्ही बोललो नाही. धुण्याच्या खोलीच्या दारावर पुन्हा चिठ्ठ्या सुरू झाल्या. पण मंगळवारी ती न चुकता यायची, बूट काढायची, बसायची. मी तिच्याकडे बघायचं सोडलं आणि माझा ठोका पुन्हा हलायला लागला, हे मलाही कळत होतं. मग पत्र आलं की पुढच्या मंगळवारी अभ्यासमंडळाचा माणूस तपासायला येणार आहे. यालमारने अँप्लिफायर कुणाच्या गॅरेजमध्ये ठेवता येतील याची चौकशीही सुरू केली.

माणसाचं नाव स्टुरे. पन्नाशीचा, ओला कोट, बूट काढल्यावर एका मोज्याला भोक. कॉफी घेतली, पाव घेतला, आणि सांगू लागला. त्याच्याकडे दर सहामाहीला चारशे याद्या येतात आणि चारशेच्या चारशे भरलेल्या असतात. गेल्या वर्षी वादळात तीन दिवस वीज नव्हती, त्या दिवसांतसुद्धा सगळे इलेक्ट्रिक गिटार शिकत होते. गैरहजर हा शब्द त्याने बावीस वर्षांत पहिल्यांदा वाचला. कुणी लिहिला ते बघायला आलो, असं तो म्हणाला. त्या एका बैठकीला दोघीच होतो, हे तो सोडून देणार होता. माझा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही.

कारण पुढे त्याने विचारलं की तिसरी व्यक्ती काय वाजवते. गुल्लेवी म्हणाली, काही नाही. गाते का? नाही. स्टुरेने पेन खाली ठेवलं. मग ती शिकणारी कशी धरायची? नुसतं नाव असेल तर गटात दोघंच आहेत, आणि जानेवारीपासून खोली वंशावळवाल्यांना द्यावी लागेल. तो हे वाईट वाटून सांगत होता, तरी मला त्याचा राग आला. अकरा वर्षं इथे एका वाक्यावर लटकली होती, आणि ते वाक्य तिने बोलायचं होतं.

त्याने तिला विचारलं की या गटातून तुला काय मिळतं.

गुल्लेवीने विणकाम मांडीवर ठेवलं. स्वतःबद्दल बोलताना ती नेहमी हसते, तेव्हा हसली नाही.

"छत्तीस वर्षं मी वर बसायचे आणि खालची माणसं ओरडून विचारायची, गुल्लेवी, बरोबर बसलं का?" ती म्हणाली. "माझ्या हो म्हणण्यावर ती बादलीखालून चालत जायची. नंतर सोळा वर्षं मला कुणी काहीच विचारलं नाही. तब्येत कशी आहे, एवढंच. इथे ही ओसा विचारते. म्हणजे विचारायची. तोंड वाकडं करून, पण विचारायची."

मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. इतके दिवस मी समजत होते की ती आमच्यावर उपकार करायला येते, किंवा मला छळायला. या खोलीत तिचंही काही अडकलंय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि तरी तिने ती खूण खोडली होती. यादी खोटी झाली असती तर तिच्या होय-नाहीला काय अर्थ उरला असता?

स्टुरेने नाक ओढलं, पेन उचललं आणि सहभागींच्या चौकटीत तीन लिहिलं. प्रत्येक गटाला शिकवणारं कुणीतरी लागतंच, तो म्हणाला, आणि वंशावळवाल्यांना वरच्या मजल्यावरची खोली आवडेल, तिथे खिडकी आहे. खोली जूनपर्यंत आमची. यालमारने त्याला मिठीच मारली, आणि मिठी मारणं आमच्या गावात सहसा होत नाही, त्यामुळे दोघंही लाल झाले.

मग स्टुरे म्हणाला की आता आलोच आहे तर एक गाणं ऐकून जातो. अँप्लिफायर तापलेले होतेच. आम्ही सगळ्यात संथ गाणं घेतलं. मी जीव ओतून वाजवलं, शेवटचा ठोका टाकला, काठ्या मांडीवर ठेवल्या आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्याकडे वळून बघितलं.

"गुल्लेवी, बरोबर बसलं का?"

तिने पाय फरशीवरून उचलले, परत ठेवले, थोडा विचार केला.

"नाही," ती म्हणाली. "घाई केलीस. परत वाजव."