पूजेतली बंदूक

हातात बंदूक आली की आमचा जमादार ती आधी समोरच्याच्या पोटावर रोखायचा. एक डोळा मिटायचा, चाप ओढायचा आणि ‘खट्’ असा आवाज झाला की तंबाखूनं काळे पडलेले दात काढून म्हणायचा, “भितूस काय रं? रिकामी हाय!”

तोंडावर त्याला ‘तुम्ही’ म्हणावं लागायचं, कारण तो जमादार आणि मी साधा शिपाई. आता लिहिताना मी त्याला ‘तो’च म्हणणार. माणूस मेला की त्याच्याबद्दल गोड बोलावं अशी आपल्याकडं रीत आहे. पाळणाऱ्यांनी ती खुशाल पाळावी.

उस्मानाबाद जिल्ह्यातलं आमचं ठाणं लहानच. नाव सांगत नाही, उगीच कुणाच्या नातवंडांना खाली बघायला नको. निजामी गेली, अमीनसाहेबांचे फौजदारसाहेब झाले, पुढं जिल्हा मुंबई राज्यात गेला. टोप्या बदलल्या, कवायतीचे हुकूम बदलले, याची खोड काही बदलली नाही. नेम धरायला त्याला कुणीही चालायचं. एकदा बेंबळीची एक म्हातारी शेळी चोरीला गेल्याचं सांगायला आली. यानं खिडकीतून तिच्यावर नळी रोखली. म्हातारी “अगं आई गं!” करत उंबऱ्यावरच बसली आणि तिच्या हातातलं ताकाचं गाडगं फुटलं. हा पोट धरून हसला आणि वर तिलाच म्हणाला, “ए म्हातारे, आता हे कोण पुसनार?”

तुम्हीही असली माणसं पाहिली असतील. दुसऱ्याचा जीव टांगणीला लागला की यांना गंमत वाटते.

नियम होता, नव्हता असं नाही. पहाऱ्यावरून आलेल्या शिपायानं अंगणातल्या वाळूच्या पोत्याकडं नळी करायची, बोल्ट मागं ओढून काडतुसं काढायची, आत करंगळी घालून बघायचं आणि मगच बंदूक खोलीत ठेवायची. आम्ही करू लागलो की जमादार म्हणायचा, “करंगळी घालतूस? ती बंदूक हाय का बाळाचं नाक?” मग बाकीचे हसायचे. हसण्यावारी नेलं की नियम मोडायला वेळ लागत नाही.

आमच्यात हुसेन नावाचा एक शिपाई होता. बेंबळीचाच. त्याच्या बापानं निजामीत जमादाराबरोबर नोकरी केलेली, म्हणून हुसेन याला ‘चच्चा’ म्हणायचा. कबड्डीत असा पळायचा, की पकडणाऱ्याच्या हाती नुसती धूळ यायची. घरच्या डब्यातली अर्धी भाकरी आधी चच्चासमोर ठेवायचा. चच्चाही ती बिनदिक्कत खायचा.

त्या वर्षी खंडेनवमीला दरवर्षीसारखी बंदुकांच्या खोलीत शस्त्रांची पूजा मांडली होती. सतरंजीवर बंदुका ओळीनं ठेवलेल्या, भटजी येऊन बसलेले. एवढ्यात तिजोरीच्या पहाऱ्यावरचा शिपाई परत आला आणि वाळूच्या पोत्याकडं वळला. जमादार ओरडला, “अरं ठेव की! मुहूर्त टळतुया!” शिपायानं भरलेली बंदूक तशीच ओळीत ठेवली. मी बाजूलाच होतो. म्हणालो, “जमादार, ती रिकामी करायची राहिली.”

“हळदीकुंकू लागलं आता तिला. दसऱ्यापतोर हात लावायचा न्हाय. तुझा देवावर इस्वास हाय का न्हाय?”

आता देवालाच मध्ये घातल्यावर मी मागं सरकलो. फौजदारसाहेबांनीही मान डोलावली. खोलीला कुलूप लागलं, किल्ली जमादाराच्या कमरेला.

दसऱ्याच्या सकाळी त्यानं खोली उघडली. हुसेन आपट्याची पानं घेऊन हसत आत गेला. मी बाहेर ओसरीवर पट्टा आवळत होतो. आतून हुसेनचा आवाज आला, “चच्चा, सोनं घ्या.” मग याचा, “थांब, पयलं हिला दे. भितूस काय रं? रिकामी हाय!” आणि बार झाला.

आत धावलो तर धूर, झेंडूच्या पाकळ्या आणि खाली पडलेला हुसेन. गुडघ्याचं काही उरलं नव्हतं. जमादार बंदूक धरून तसाच उभा होता, आणि देवाशपथ सांगतो, म्हणत होता, “रिकामी हाय... रिकामी हाय...”

सोलापूरच्या दवाखान्यात हुसेनचा पाय मांडीपासून कापला. तो शुद्धीवर येतो न येतो तोच जमादार त्याच्या उशाशी जाऊन बसला. काय बोलला ते हुसेननं मला पुढं सांगितलं. “तू म्हन, साफ करताना माज्याच हातनं सुटली. म्या तुला आफिसात बसवतू. माज्या पोरी लग्नाच्या हायत रं.” आणि रडलासुद्धा म्हणे! हुसेननं मान डोलावली. बापाचा दोस्त होता ना.

खरं तर हुसेनच्याच हातून गोळी सुटली असं ठरलं, तर निष्काळजीपणाबद्दल त्याची नोकरी जाणार हे जमादाराला पक्कं ठाऊक होतं. आफिसात बसवायला याच्या बापाचं आफिस होतं का? मी फौजदारसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पाहिलंस की ऐकलंस?” मी म्हणालो, “ऐकलं.” “मग गप ऱ्हा.”

चौकशीला जिल्ह्याहून मोठे साहेब आले. ओसरीवर टेबल मांडलं. हुसेन कुबड्या मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेला, निम्मा झालेला. साहेबांनी विचारलं तसं त्यानं पढवलेलं बोलून दाखवलं, खाली बघून. मी चडफडत उभा होतो. आता हा पोरगा भर तारुण्यात लंगडाही होणार आणि घरीही बसणार.

मग साहेबांनी तीच बंदूक मागवली आणि जमादारापुढं धरली. “साफ करताना त्यानं कशी धरली होती, दाखवा. घ्या, रिकामी आहे.”

जमादारानं बंदूक घेतली. आणि काय सांगू! नळी वाळूच्या पोत्याकडं वळवली. बोल्ट ओढला, आत पाहिलं. बंद केला, पुन्हा ओढला, पुन्हा पाहिलं. मग करंगळी आत घालून चाचपत राहिला. अख्ख्या नोकरीत आम्ही त्याला असं करताना पाहिलं नव्हतं. 

खुर्चीतून हुसेनचा आवाज आला, अगदी हळू. “चच्चा, आज खोल के देखे? उस दिन देखना था ना.”

एवढं बोलला आणि लहान लेकरासारखा हमसून रडायला लागला. साहेबांनी त्याला रडू दिलं, पाणी पाजलं आणि म्हणाले, “आता पहिल्यापासून सांग.” त्यानं पहिल्यापासून सांगितलं.

जमादाराची नोकरी गेली. आपली वळकटी स्वतःच उचलून तो फाटकाबाहेर गेला, पोहोचवायला कुणी गेलं नाही. हुसेनला साहेबांनी नोकरीत ठेवलं आणि बंदुकांच्या खोलीचं काम दिलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी तेरच्या स्टँडवर जमादार मला भेटला. पार वाळला होता, नजर गेली होती, तरी आवाजावरून त्यानं मला ओळखलं. माझी बाही धरून म्हणाला, “हुसेनला माजा एक निरोप सांग.” मला वाटलं, चला, उशिरा का होईना, माफी मागतोय. माझ्या मनात जराशी दया आलीसुद्धा. तो म्हणाला, “त्याला सांग, मला ती रिकामीच वाटली हुती.”

बाही सोडवून मी एस.टी.त चढलो. त्यानंतर वर्षभरात तो गेल्याचं कळलं. मी मातीला गेलो नाही.

निरोप मात्र सांगितला. खंडेनवमीची सकाळ होती. हुसेन खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. सतरंजी अंथरलेली, भटजी घाई करत होते, शिपाई बंदुका घेऊन रांगेत उभे होते. हुसेननं माझं ऐकून घेतलं. विजारीचा लोंबणारा पाय दुमडून मांडीखाली नीट खोचला. मग समोरच्या शिपायाला म्हणाला, “बोल्ट उघड.”

“रिकामी हाय, हुसेनभाई.”

“उघड.”