भट्टी रिकामी नव्हती

बडोद्यात, दांडिया बाजारात माझ्या ओट्यावर तीन बादल्या कायम भरलेल्या असतात. एकीत चिंचेचं पाणी, दुसरीत लिंबूफुलाचं म्हणजे लिंबूसत्त्वाचं, तिसरीत खायच्या सोड्याचं. जुन्या गाड्यांचे शौकीन लोक गंजलेले पार्ट घेऊन माझ्याकडे येतात. बिजागऱ्या, ब्रॅकेट, हेडलाइटच्या कड्या. पार्ट आधी आंबट पाण्यात दिवसभर बुडवायचा, मग ब्रश मारायचा, मग सोड्याच्या पाण्यात घालून आंबटपणा मारायचा, पुसून कोरडा करायचा आणि लगेच तेलाचा हात द्यायचा. यात अक्कल लागत नाही, धीर लागतो. आजकाल दोन्हींची टंचाई आहे.

गेल्या महिन्यात पराग आला. आमच्याच गल्लीतला, बँकेत मोठा साहेब आहे. आजोबांची गाडी जुन्या गाड्यांच्या रॅलीत न्यायची म्हणून तिच्या पुढच्या चाकांचे पाटे काढून घेऊन आला. पाटे म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, एकीवर एक रचलेल्या. गंजाने लालभडक झाल्या होत्या. हातात संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली.

"काका, तुमच्या चिंचेनं तर महिनो लागेल. हे टाकू या ने, अर्ध्या तासात काम पतलं, संपलं!"

"पाट्यांना ॲसिड नाही. पाट्यांना चिंचसुद्धा नाही. वायर ब्रश घे आणि घास."

"शुं काका तुम्ही पण! फौजी माणूस ने इतका बीकण? ॲसिडला घाबरता?"

मी त्याला ओट्यावरून हाकलून दिलं. पाटे त्याच्या मागून भिरकावले असते, पण वजन फार आणि माझं वय ब्याऐंशी. संध्याकाळी डोकं शांत झाल्यावर वाटलं, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? गल्लीत कुणालाच ठाऊक नाही, कारण मी सांगितलेलंच नाही. म्हणून आता लिहून ठेवतो.

गुजरात वेगळं होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी हवालदार होतो, हवालदार कदम, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. आमचं युनिट पूर्वेकडच्या डोंगरात होतं. नाव सांगत नाही. पाऊस इतका, की सकाळी तेल लावलेला पाना संध्याकाळी तांबूस दिसायचा. स्पेअर पार्ट मागवले की सहा महिन्यांनी यायचे, तेही दुसऱ्याच गाडीचे. त्यामुळे जुना पार्ट साफ करून पुन्हा चढवणं हेच आमचं रोजचं काम. चिंचेची युक्ती मीच तिथे सुरू केली. आई चिंचेनं पितळेची भांडी घासायची ते लहानपणी पाहिलं होतं. लंगर, म्हणजे आमचं स्वयंपाकघर, तिथून सांबाराची चिंच मागून आणायची आणि कड्या, कोयंडे, नटबोल्ट त्यात टाकायचे. जवान मला 'चटणी उस्ताद' म्हणायचे.

हे नाव ठेवलं नायक रघुनाथ साळवीनं. ड्रायव्हर. तोही बडोद्याचाच. त्याचे वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये लोहार होते, राहायला तिथल्याच क्वार्टरमध्ये. एवढ्या लांब गावचा माणूस भेटला की काय होतं ते ज्याचं त्यालाच कळतं. सकाळच्या फॉलइनला सगळ्यांसमोर 'जय हिंद हवालदार साब', आणि लाइन मोडली की "शुं भाऊ, आज काय घालणार चिंचेत?" त्याच्याकडे एक वन-टन गाडी होती. तिला तो पोटच्या पोरीसारखी सांभाळायचा.

त्या वर्षी ब्रिगेड कमांडरचं इन्स्पेक्शन ठरलं. गुरुवार, सकाळी ११००. मंगळवारी १६०० वाजता आमचे सुभेदारसाहेब गाड्यांच्या लाइनवरून फिरले. रघूच्या गाडीसमोर थांबले, वाकले, पुढचे पाटे पाहिले.

"कदम, ये क्या है?"

"साब, ऊपर का जंग है. लोहा अच्छा है. डेढ दिन में ब्रश से साफ करता हूँ."

"डेढ दिन किसके पास है? बाकी गाडियाँ कौन करेगा, मेरा बाप? लॅट्रिन का ॲसिड निकालो."

मी म्हणालो, "साब, स्प्रिंग स्टील को तेज ॲसिड नहीं देते. कडक होके टूटता है."

"किसने बोला?"

"ट्रेनिंग में बताया था, साब. देना ही पडे तो फौरन चार घंटा भट्टी में सेंकना पडता है."

"ट्रेनिंग में बहुत कुछ बताते हैं. कल शाम तक जंग नहीं दिखना चाहिए."

"जी साब."

एकदा बोललो. दुसऱ्यांदा नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना कमांडरची भीती होती, मला त्यांची.

बुधवारी ०८०० वाजता रघूनं आणि मी पाटे खोलले आणि ॲसिडच्या टबात टाकले. बुडबुडे येत होते. हे बुडबुडेच घातक. ॲसिड गंज खातं आणि त्यातून निघणारा वायू पोलादात शिरतो. बाहेरून काही दिसत नाही. पोलाद आतून ठिसूळ होतं आणि ताण बसला की दोन-तीन दिवसांत काचेसारखं तडकतं. लगेच भाजलं तर तो वायू निघून जातो. १००० वाजता पाटे बाहेर काढले, सोड्याच्या पाण्यात धुतले. स्वच्छ, करडे दिसत होते. रघू खूश. "नवे कोरे, भाऊ! उगाच चिंचा वाया घालवता तुम्ही."

मी चार पाटे खांद्यावर टाकले आणि लंगरवर गेलो. तिथे पाव भाजायची विटांची भट्टी होती. लंगर कमांडरला म्हणालो, चार तास भट्टी दे.

तो हसायलाच लागला. "पागल हुआ है क्या, उस्ताद? कल बडा खाना है. मटन चढा है, कल तक धीमी आँच पर रहेगा. लोहा खिलाऊँ कमांडर साब को?"

भट्टीत खरंच मटण होतं. दोन मोठी पातेली, तोंडं कणकेनं बंद केलेली. वास छान सुटला होता. मी पाटे घेऊन परत फिरलो. वाटेत सुभेदारसाहेबांचा तंबू लागतो. आत जाऊन 'साब, भट्टी दिलवा दो' एवढं म्हणायचं होतं. गेलो नाही. कालच एकदा झापलं होतं, म्हणून गेलो नाही. दुसरं काही कारण नाही.

१४०० वाजता पाटे चढवले, वर काळा रंग मारला. रघूला बाजूला घेऊन सांगितलं, "बघ, पाट्यांना ॲसिड लागलंय. आठ-दहा दिवस हळू चालव. उतारावर दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही."

"होवे भाऊ."

"होवे नाही. शपथ घे."

"आईच्यान, दुसऱ्याच्या वर जाणार नाही. झालं?"

गुरुवारी कमांडरसाहेबांनी रघूच्या गाडीच्या पाट्यांवर छडी वाजवली आणि म्हणाले, "वेल मेंटेन्ड." सुभेदारसाहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. दुपारी मटण सगळ्यांनी खाल्लं. मीही खाल्लं, दोनदा वाढून घेतलं.

शनिवारी ०९१० वाजता रघू रेशन घेऊन वरच्या चौकीकडे निघाला. त्याचा जोडीदार सिक रिपोर्टला गेला होता, म्हणून एकटाच. ०९५५ वाजता रेडिओवर चौकीच्या गस्तीचा निरोप आला.

"वन-टन गाडी खड्ड में. माइलस्टोन सात के आगे. ओव्हर."

"ड्रायव्हर? ओव्हर."

"ड्रायव्हर हिल नहीं रहा. ओव्हर."

रिकव्हरी गाडी घेऊन मी १०४० ला पोचलो. चौकीच्या वाटेवर मध्येच एक उतार लागतो, त्याचं वळण होतं. गाडी तीसेक फूट खाली उलटी पडली होती. रघूला वर आणलं तेव्हा त्याच्या अंगात ऊब होती, जीव नव्हता. मी पुन्हा खाली उतरलो, केबिनमध्ये डोकं घातलं. गिअर दुसऱ्यात होता.

मग वर येऊन रस्ता पाहिला. कड्यापासून वीस पावलं अलीकडे, रस्त्याच्या मधोमध, चार बोटं लांबीचा पोलादाचा तुकडा पडला होता. डाव्या बाजूच्या मुख्य पाट्याचं टोक. म्हणजे पाटा आधी तुटला, एक्सल सरकला, गाडी डावीकडे ओढली गेली आणि मग पडली. बाकीचे रघूजवळ होते, इकडे कुणी पाहत नव्हतं. मी तुकडा उचलून खिशात घातला. पुरावा म्हणून उचलला, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. मी तो लपवायला उचलला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला सात मिनिटं उभं केलं.

"स्प्रिंग की हालत?"

"हादसे से तीन दिन पहले खोलकर साफ की थी, साब."

"जंग था?"

"नहीं, साब."

"और कुछ कहना है?"

सुभेदारसाहेब भिंतीकडे पाहत होते.

"नहीं, साब."

पाटा खाली आपटून तुटला, असं त्यांनी धरलं. गाडी दोनच दिवसांपूर्वी कमांडरनं वाखाणलेली. मग चूक कुणाची? जो बोलू शकत नव्हता त्याची. वळणावर वाजवीपेक्षा जास्त वेग, ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. तसं लिहिलं गेलं, सह्या झाल्या. मी त्याच रात्री पोटभर जेवलो, हेही लिहून ठेवतो.

दोन महिन्यांनी रजेवर बडोद्याला आलो आणि प्रतापनगरला गेलो. रघूचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, दारात बसले होते. ड्यूटीवरून नुकतेच आले असावेत, हात काळे होते. युनिटचं पत्र त्यांनी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं होतं. क्वार्टरमध्ये कुजबुज होती की पोरगा पिऊन चालवत असणार.

"तुम्ही होतात ना तिथं?" तात्या म्हणाले. "माझा रघू वेगात होता?"

मी खिशातून तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला.

ते उठून उजेडात गेले. तुटलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. खडीसाखर फोडावी तसा दाणेदार दिसत होता तो. मग नखानं रंग खरवडला आणि खालचं करडं पोलाद पाहिलं. तीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"ॲसिडात घातला होता?"

"हो."

"कुणी?"

"मी."

"आणि भाजला नाहीत?"

"भट्टी रिकामी नव्हती, तात्या."

"काय होतं भट्टीत?"

त्यांनी विचारायला नको होतं. खोटं सुचलं नाही.

"मटण."

आतून रघूची आई, माई, पाण्याचा पेला घेऊन आली होती. ती तशीच उभी राहिली. तात्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "हे कागदावर लिहून द्या. गिअर, तुकडा, सगळं. माझ्या पोराच्या नावावरचा डाग काढा."

"परत गेलो की लिहितो."

"नक्की?"

"नक्की."

तुकडा त्यांनी ठेवून घेतला. मी परत गेलो आणि लिहिलं नाही. प्रमोशन जवळ आलं होतं. मग ते मिळालं, मग त्याच्यापुढचं जवळ आलं.

तात्यांनी मात्र माझी वाट पाहिली नाही. पुढे कळलं, ते तो तुकडा डब्याच्या पिशवीत घालून रोज वर्कशॉपला न्यायचे. ज्याला त्याला दाखवायचे. "हे बघा, माझ्या रघूचा पाटा. आधी तुटलाय." सुरुवातीला लोकांनी ऐकलं. मग लोक त्यांना पाहून सायकल दुसऱ्या रस्त्यानं न्यायला लागले. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणाले. माझ्या एका कागदानं जे झालं असतं, ते तो माणूस एकटा, एका लोखंडाच्या तुकड्यावर करू पाहत होता.

अकरा वर्षांनी मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. पेन्शन हातात पडली, आता कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं, तेव्हा चार पानं लिहून पाठवली. बघा मर्दुमकी! उत्तर आलं दोन ओळींचं. प्रकरण जुनं आहे, बंद झालेलं आहे. ते पत्र घेऊन प्रतापनगरला गेलो, तर तात्यांना जाऊन पाच महिने झाले होते.

माईंनी मला आत बोलावलं नाही. फडक्यात बांधलेला तुकडा आणून दारातच हातावर ठेवला. "हे गेले तेव्हा सांगून गेले होते. ज्याचं आहे त्याला परत दे म्हणाले."

तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. दर आठवड्याला तेलाचा हात देतो. अजून गंजलेला नाही.

काल पराग पुन्हा आला. मी त्याला तो तुकडा हातात दिला आणि हे सगळं सांगितलं. त्यानं तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "काका, मग आता कुणाला सांगणार तुम्ही?" बरोबर विचारलं त्यानं. सुभेदारसाहेब गेले, तात्या गेले, माई गेल्या. ज्या खोलीत मला सात मिनिटं उभं केलं होतं, ती खोलीही राहिली नसेल.

तरी सांगतो. और कुछ कहना है? हो, साहेब. पाटा रस्त्यावरच तुटला होता. ॲसिड मी लावलं होतं. गिअर दुसऱ्यात होता, मी डोळ्यांनी पाहिला. नायक रघुनाथ साळवी हळूच चालवत होता, कारण मी त्याला तशी शपथ घातली होती.